बारा कोयते म्हणजे माणसं किती?

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की घराघरात एकच विषय, टोळी कधी येणार. मी तेव्हा सातवीत असेन. आण्णा मुकादमाशी फोनवर बोलत होते, "किती कोयतं हायती तुझ्याकडं?" आणि फोन ठेवून आईला म्हणाले, "बारा कोयतं येणार सकाळी, दूध जादा घे." दुसऱ्या दिवशी किटली आणि मोजून बारा कप घेऊन मी फडात गेले, तर तिथं चोवीस माणसं. लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोळ्या आणि पाचटावर खेळणारी बारकी पोरं ती वेगळीच. मला वाटलं आण्णांचा हिशोब चुकला. पळत घरी आले तर आई म्हणाली, "अगं, एक कोयता म्हणजे नवरा-बायको. जोडीला कोयता म्हणत्यात."

हिशोब चुकला नव्हता, हिशोबच तसा होता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्याला मिळते, टनाचे पैसे कोयत्याला मिळतात, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं असतं. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. म्हणजे दोन जिवंत माणसं, वहीत एक आकडा, आणि त्या आकड्याला नाव हत्याराचं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे मी सांगलीत ज्या पोरांना शिकवते त्यातल्या एकीनं मधे विचारलं, मॅडम हे पोस्टह्यूमनिझम म्हणजे काय असतं, रोबोटचं काहीतरी ना? मराठीत त्याला उत्तर-मानवतावाद म्हणतात पण तो शब्द ऐकून कुणाच्या डोक्यात काही उजेड पडत नाही, म्हणून मी पण पोस्टह्यूमनच म्हणते. तिला मी तासाभरात जे सांगितलं ते तुटक होतं, म्हणून इथं नीट बसून लिहितेय. थोडक्यात, माणूस म्हणजे नेमकं कोण आणि तो खरंच एकटा, पूर्ण असतो का, हे नव्यानं विचारणारा हा विचार. विषय अवघड नाहीये. त्याची पुस्तकं अवघड भाषेत लिहिलीत, एवढंच.

सुरुवात एका चित्रापासून करते, तुम्ही ते शंभर वेळा पाहिलं असणार. एक उघडा पुरुष, हातपाय पसरलेले, भोवती एक वर्तुळ आणि एक चौकोन. लिओनार्दो द विंचीनं साधारण १४९० च्या सुमारास काढलेलं. विट्रुव्हियस म्हणून एक रोमन वास्तुविशारद होता, त्यानं शरीराची जी मापं लिहून ठेवली होती त्यावरून. जिमच्या बोर्डावर, दवाखान्याच्या लोगोत, इटलीच्या एक युरोच्या नाण्यावर सुद्धा तोच गडी उभा आहे. चित्र सुंदरच आहे, त्यात वाद नाही. पण युरोपात पुढची चार-पाचशे वर्षं माणूस म्हटलं की डोळ्यासमोर जो उभा राहायचा तो हाच. तरुण, धडधाकट, गोरा, एकटा, कुणाचा हात धरलेला नाही, कडेवर पोर नाही, पाठीवर ओझं नाही. रोझी ब्रायडॉटी नावाची तत्त्वज्ञ आहे, इटलीत जन्मलेली, ऑस्ट्रेलियात वाढलेली, तिनं २०१३ च्या तिच्या पुस्तकात याच चित्रावर बोट ठेवलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं की आपण कायम माणूस होतोच असं ठामपणे सगळ्यांना म्हणता येत नाही, काहींना ती पदवी जन्मानं मिळाली, काहींना भांडून मिळवावी लागली आणि काही अजून रांगेतच आहेत.

हे भांडण जुनं आहे. १७८९ साली फ्रान्समधे क्रांती झाली आणि माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला. फ्रेंचमधे 'ऑम' या शब्दाचे दोन अर्थ, माणूस पण आणि पुरुष पण. बायकांना वाटलं पहिला अर्थ असेल, निघाला दुसरा. ऑलंप द गूज नावाच्या बाईनं १७९१ साली तोच जाहीरनामा घेऊन स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहून काढला, कलमाला कलम लावून. १७९३ च्या नोव्हेंबरमधे तिला गिलोटिनवर चढवलं. फ्रान्समधल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडलं. एका शब्दाचा अर्थ कुणी ठरवायचा यावर दीडशे वर्षं गेली, हे वाचलं की मला अजून अंगावर काटा येतो.

आपल्याकडं या बाबतीत कुणी शब्द तोलून वापरला असेल तर तो जोतीरावांनी. त्यांचं सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक ते गेल्यावर १८९१ साली छापलं गेलं, त्यात ते नुसतं माणसं म्हणून सोडत नाहीत, 'एकंदर सर्व स्त्रीपुरुष' असं पुन्हा पुन्हा म्हणतात. वाचताना सुरुवातीला मला ते लांबण वाटायचं. मग कळलं की मुद्दामच लांब आहे, कारण नुसतं माणूस लिहिलं की वाचणारा बाईला आपोआप वगळणार हे त्यांना माहीत होतं. त्यांचं मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचं माहेर नायगाव, दोन्ही आपल्या साताऱ्याच्याच मातीतले. आणि १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी स्त्री-पुरुष तुलना लिहून थेट विचारलं होतं की जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का. म्हणजे हा विषय बाहेरून आलाय असं कुणी म्हणालं तर त्याला नायगावचा रस्ता दाखवावा.

आणि त्याच साताऱ्यात, २०११ साली, जिल्ह्यातल्या २८५ मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली गेली. त्यांचं जुनं नाव होतं नकुसा, नकोशी. घरात पोरगी नको होती आणि झाली म्हणून ठेवलेलं नाव, शाळेच्या हजेरीत रोज मोठ्यानं पुकारलं जाणारं. नवीन नावं मुलींना मिळाली ते चांगलंच झालं. पण जिचं नावच नकुसा होतं तिला कुणीतरी माणूस म्हणजे काय यावर निबंध लिहायला सांगितला असेल का, आणि तिनं काय लिहिलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आपली रोजची बोली पण ऐका कधी. शेतात "चार माणसं लाव" म्हटलं की ऐकणारा विचारतो, गडी का बाया? मजुरी वेगळी असते ना. गडीमाणूस आहे, बाईमाणूस आहे, आणि नुसता माणूस म्हटला की बहुतेक वेळा तो नवरा असतो, "तिचा माणूस मुंबईला असतो" असं. फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हुआरनं १९४९ साली जे मोठ्या ग्रंथात मांडलं ते आपल्याकडं एका वाक्यात सापडतं. तिचा मुद्दा हा की पुरुष म्हणजे मूळ आणि बाई म्हणजे त्याच्यावरून मोजलेली दुसरी गोष्ट, असं जग रचलंय, आणि बाई जन्मतः बाई नसते, तिला वाढवता वाढवता बाई केलं जातं.

कुणाला वाटेल हे शब्दांचे खेळ झाले, प्रत्यक्षात काय फरक पडतो. तर औषधाचं उदाहरण घ्या. अमेरिकेत १९७७ साली सरकारी औषध खात्यानं नियम काढला की ज्या बायकांना मूल होऊ शकतं त्यांना नव्या औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घ्यायचं नाही. हेतू पोटातल्या बाळाला धोका नको हा होता, पण परिणाम असा झाला की कितीतरी औषधांचा डोस पुरुषाच्या अंगावर ठरला. तो नियम १९९३ साली मागं घेतला. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी आहे, कित्येक वर्षं बाईला आणि पुरुषाला एकच डोस दिला जायचा, मग लक्षात आलं की बायकांच्या अंगातून ती हळू उतरते, सकाळी गाडी चालवताना सुद्धा रक्तात शिल्लक असते, आणि २०१३ साली बायकांचा डोस निम्म्यावर आणला, दहा मिलिग्रॅमचा पाच. इतकी वर्षं गोळीच्या पाकिटावर प्रौढ माणसासाठी असं लिहिलेलं असायचं आणि तो माणूस म्हणजे लिओनार्दोच्या चित्रातला गडी होता.

इथपर्यंतचा भाग स्त्रीवादाचा. त्याचा प्रश्न असा की माणूस या घरात कुणाकुणाला घेतलं नाही, त्यांना घ्या. पोस्टह्यूमन विचार करणाऱ्या बायकांनी, हो यात बायकाच पुढं आहेत, त्याच्या पुढचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या घरात तर सगळ्यांना घ्याच, पण मुळात या घराला भिंती आहेत का ते एकदा बघा. चित्रातला तो एकटा, कातडीच्या आत पूर्ण, स्वतःच्या अकलेनं चालणारा माणूस खरोखर कधी होता का?

एक गैरसमज आधी बाजूला करते. मेंदूत चिप बसवायची, म्हातारपण बंद करायचं, मन कॉम्प्युटरवर टाकून अमर व्हायचं, या स्वप्नाला ट्रान्सह्यूमनिझम म्हणतात. ते वेगळं आहे, जवळजवळ उलटच. त्यात तोच जुना गडी आहे, फक्त त्याला आणखी ताकद हवी आहे आणि मरायचं नाहीये. कॅथरीन हेल्स या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९९ साली याच्यावर एक पूर्ण पुस्तक लिहिलं, की मन म्हणजे नुसती माहिती आणि शरीर म्हणजे तिचं भांडं, एका भांड्यातून काढून दुसऱ्यात ओतता येईल, ही कल्पना कुठून आली आणि ती का फसवी आहे. बाळंत झालेल्या कुठल्याही बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही.

माझंच सांगते. पोरगी झाल्यावर मी माहेरी होते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, शेक-शेगडी सगळं चाललेलं, पण पहिले काही दिवस दूध पुरत नव्हतं आणि मी रडकुंडीला आलेली. त्या काळात मी दुधाविषयी मिळेल ते वाचत होते. आणि एक गोष्ट वाचून थक्क झाले. आईच्या दुधात साखर असते, फॅट असतं आणि त्यानंतर तिसऱ्या नंबरवर एक प्रकारच्या लांब साखळीच्या साखरा असतात, शंभरावर प्रकारच्या, ज्या बाळाला पचवताच येत नाहीत. मग आईचं शरीर एवढी मेहनत करून त्या बनवतं कशाला? तर बाळाच्या आतड्यात राहायला येणाऱ्या जंतूंसाठी. बिफिडो नावाचे चांगले बॅक्टेरिया आहेत, ते यावर जगतात, वाढतात आणि वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत. म्हणजे रात्री दोन वाजता मांडीवर एक लेकरू घेऊन मी बसले होते असं मला वाटत होतं आणि प्रत्यक्षात मी कोट्यवधी जिवांना पाजत होते. २०१६ साली इस्रायल आणि कॅनडातल्या संशोधकांनी हिशोब मांडला की साधारण मोठ्या माणसाच्या अंगात तीस लाख कोटी पेशी त्याच्या स्वतःच्या आणि अडतीस लाख कोटी बॅक्टेरिया. आकडे अंदाजे आहेत, पण मी म्हणजे एकटी नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

आणखी आत जा. आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया असतात, दहावीच्या पुस्तकात असतात ते. लिन मार्गुलिस या जीवशास्त्रज्ञ बाईनं १९६७ साली मांडलं की हे कधीकाळी वेगळे, स्वतंत्र जंतू होते, दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथंच नांदले. तिचा तो लेख छापून यायच्या आधी बऱ्याच ठिकाणांहून परत आला होता, आज तो जगभर शिकवतात. आणि हे मायटोकॉन्ड्रिया आपल्याला आईकडूनच मिळतात. कागदोपत्री वर्षानुवर्षं बापाचं नाव पुढं, आणि आत प्रत्येक पेशीत आईची, तिच्या आईची, तिच्या आईची सही. मला हे फार आवडतं.

पण सगळ्यात जास्त मला जे लागलं ते वेगळंच. पोटातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात आणि बाळंतपणानंतरही तिथं राहतात. १९९६ सालच्या एका संशोधनात एका बाईच्या रक्तात मुलाच्या पेशी २७ वर्षांनी सापडल्या. माझ्या आज्जीची सात बाळंतपणं, त्यातली दोन लेकरं गेली, एक तर सव्वा महिन्याचं. मी तिला हे सोप्या भाषेत सांगितलं, म्हटलं आज्जी, तुझ्या त्या लेकरांचा अंश अजून तुझ्या अंगात असू शकतो, शास्त्रज्ञ म्हणतात. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेंगा फोडत होती, हात थांबले. मग म्हणाली, "असंल. मला तर कवाच वाटलं न्हाई ती गेलीत असं." चित्रातल्या त्या एकट्या गड्याला हे वाक्य कधी सुचलं नसतं. माणूस म्हणजे कातडीच्या आतलं एक पूर्ण एकक, ही व्याख्या करणाऱ्यांनी आईचं शरीर कधी उदाहरण म्हणून घेतलंच नाही.

डॉना हॅरावे या अमेरिकन विचारवंत बाईनं १९८५ साली सायबोर्ग हा शब्द उचलला, म्हणजे अर्धं शरीर अर्धं यंत्र. तिचं म्हणणं होतं की आपण सगळे तसे झालोच आहोत, तेव्हा निखळ निसर्ग वेगळा आणि यंत्र वेगळं, माणूस वेगळा आणि जनावर वेगळं, बाई वेगळी आणि पुरुष वेगळा या रेघा आता पक्क्या मानू नका. माझ्या आत्तीला मिरजेत पेसमेकर बसवलाय. दहाएक वर्षांनी बॅटरी बदलायची आहे, ती छातीवर हात ठेवून सगळ्यांना सांगते की माझा जीव आता चार्जिंगवर चालतो. तिला हॅरावे माहीत नाही, पण मुद्दा माहीत आहे. आणि हॅरावेबद्दल एक गोष्ट लोक विसरतात, तिनं त्याच लेखात आशियातल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत बारीक नजरेनं चिप जोडणाऱ्या बायकांबद्दल लिहिलं होतं. यंत्राशी जोडलं जाण्याची किंमत कोण देतंय हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

आता कॅरेन बराड. मूळ फिजिक्समधल्या, त्यांचं पुस्तक २००७ चं, आणि वाचायला फार जड. त्यांचा मुख्य मुद्दा असा की आधी दोन तयार वस्तू असतात आणि मग त्यांच्यात नातं जुळतं असं जगात होत नाही, नात्यातूनच त्या वस्तू घडतात. मला हे बरेच दिवस कळत नव्हतं. कळलं ते मिरजेत, एका तंबोऱ्याच्या कारखान्यात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळलेले भोपळे टांगलेले, लाकडाचा आणि लाखेचा वास. कारागीर चार तारा लावून जवारी काढत होते, म्हणजे घोडीवर तारेखाली एक बारीक दोरा सरकवायचा, केसभर इकडं, केसभर तिकडं. तारा पंचम आणि षड्जाच्या. एका जागी दोरा आला आणि त्या आवाजातून गंधार ऐकू यायला लागला. गंधाराची तार तिथं नाहीच, कुणी छेडला पण नाही. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मी विचारलं हा कुठून येतो, तर ते म्हणाले, "ताई, हा तारंत बी न्हाई, भोपळ्यात बी न्हाई, दोऱ्यात बी न्हाई. समद्यांचं जमलं की येतो." माणूसपण असंच काहीतरी आहे असं मला तेव्हापासून वाटतं. ते माझ्या आत साठवलेलं नाही, लोकांत, जनावरांत, पाण्यात, वस्तूंत माझं जे जमतं त्यातून ते ऐकू येतं.

२०१९ च्या महापुरात हे सगळं पुस्तकातून बाहेर आलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या एका गावात आमची चुलत मावशी, बोट दारात आलेली, बोटीवरची पोरं ओरडत होती आधी माणसं, आधी माणसं. आणि मावशी गोठ्यातल्या दोन म्हशींना सोडून यायला तयार नव्हती. ती एकटीच नव्हती, त्या आठवड्यात कित्येक गावांतून हेच ऐकायला आलं. टीव्हीवर त्याला हट्ट म्हणत होते. पण तिचं सगळं घर त्या म्हशींच्या दुधावर उभं होतं, पहाटे चारला त्यांच्यासाठी उठत होती ती, आणि त्या पण तिच्या हाताशिवाय दुसऱ्याला पान्हा सोडत नव्हत्या. "ती बी घरातलीच हायती" हे तिचं वाक्य, आणि हॅरावेनं २००३ साली कुत्र्यांबद्दल लिहिलेली सोबती प्राण्यांची कल्पना, दोन्ही एकच सांगतात, की माणूस आणि जनावर एकमेकांना घडवतात. शेवटी म्हशींची दावी कापली आणि त्या पोहत गेल्या. एक परत आली.

नदीबद्दल पण बोलायला हवं. न्यूझीलंडमधे २०१७ साली व्हांगानुई नदीला कायद्यानं व्यक्तीचा दर्जा मिळाला, तिथल्या माओरी लोकांच्या फार जुन्या लढ्यानंतर. त्याच वर्षी मार्चमधे उत्तराखंड हायकोर्टानं गंगा-यमुनेला तसा दर्जा दिला आणि जुलैत सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. मग कृष्णेला द्यावा का? मनापासून वाटतं द्यावा. पण इथं स्त्रीवाद मला थांबवतो. आपण तिला कृष्णामाई म्हणतोच की, खणानारळानं ओटी भरतो, आणि त्याच पात्रात गटार सोडतो, पूररेषेत बांधकाम करतो. आई म्हणायचं, पाया पडायचं आणि तिच्या कामाचा हिशोब मात्र ठेवायचा नाही, हे आपल्या घरातल्या बायकांना फार चांगलं माहीत आहे. नुसता दर्जा देऊन भागत नाही, वहीत नोंद पण हवी.

आणि वही म्हटलं की मला परत फडात जावं लागतं.

कारण पोस्टह्यूमन विचाराची एक बाजू मला धोक्याची वाटते. सगळे सगळ्यांशी जोडलेले आहेत, एकटा माणूस ही कल्पनाच खोटी आहे, असं एसीत बसून म्हणायला छान वाटतं. पण ऊसतोडीची बाई आधीपासूनच जोडलेली आहे. कोयत्याशी, नवऱ्याशी, बैलाशी, उचलीशी, उसाशी. पहाटे तीन-चारला कोपीतून, म्हणजे झोपडीतून उठायचं, भाकरी थापायच्या, फडात पाला काढायचा, वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची, रात्री परत चूल. तिला एकटं, वेगळं, स्वतःच्या नावाचं माणूस कुणी कधी होऊच दिलं नाही. तिला जाऊन आपण सांगणार का की बाई गं, वेगळेपणा हा भ्रम आहे?

तिच्या पोटाचं काय झालं ते पण बघा. २०१९ साली बीडकडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याचा विषय विधिमंडळात गाजला, सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कितीतरी जणींचं वय तिशी-पस्तिशीचं. पाळीत दुखतं, अंगावरून जातं, फडात ना पाणी ना आडोसा, एक दिवस बसलं की खाडा, आणि खाडा कोयत्याच्या हिशोबातून वजा. मग डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका, कटकट नको. मशीन सतत चालायला हवं असेल तर त्यातला जो भाग थांबायला लावतो तो काढून टाकायचा, हाच विचार आहे हा. या बायका बीडवरून येतात, पण तो ऊस आमचा असतो, सांगली-साताऱ्याचा. साखर आपल्या चहात असते. जोडलेपण आहे म्हणता ना, मग ते इथपर्यंत धरा.

सिल्व्हिया विंटर ही जमैकाच्या मुळाची विचारवंत. माझ्या मते या सगळ्यात नेमकं तिनं पकडलंय. तिचं म्हणणं की माणूस असण्याच्या कितीतरी तऱ्हा आहेत, त्यातली एक तऱ्हा, युरोपातल्या सुखवस्तू पुरुषाची, उठून बसली आणि म्हणाली मीच माणूस, बाकीचे माझ्यापेक्षा किती कमी ते मोजा. तिचा पर्याय माणूस हा शब्द टाकून द्यायचा असा नाहीये, तो शब्द त्या एका गड्याच्या हातून सोडवून घ्यायचा असा आहे. त्यामुळं मला स्त्रीवाद आणि पोस्टह्यूमन विचार वेगळे वाचता येत नाहीत. बाईच्या नावावर तिची मजुरी, तिचा फोन नंबर, तिचं खातं, तिची सुट्टी हे हवंच, आज हवं. आणि त्याच वेळी हेही हवं की माणूस म्हणून मोजायला ती एकटी, निरोगी, न थकणारी, पाळी न येणारी, पोर नसणारी असावी लागू नये. पहिलं मिळालं आणि दुसरं नाही मिळालं तर तिला मान्यता मिळेल, पण चित्रातल्या गड्याची नक्कल करून. दुसरं बोललं आणि पहिलं विसरलं तर ती कोयताच राहील.

वर्गात हे सांगितल्यावर तो प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, मॅडम पण आता हार्वेस्टर आलेत, कोयता हा शब्दच जाईल काही वर्षांत. बरोबर आहे तिचं, आमच्या शिवारात पण आलाय. गेल्या सिझनला मी सुट्टीला गावी गेले तेव्हा शेजारच्या रानात हार्वेस्टर चालू होता, धुरळा, आवाज, ऊस आत जातोय आणि तुकडे होऊन शेजारच्या ट्रॉलीत पडतायत. ऑपरेटर वर काचेच्या केबिनमधे. शेजारचे काका बांधावर उभे होते, समाधानानं म्हणाले, "बघ, टोळीची कटकट मिटली, आता माणसं लागतच न्हाईत."

मशीनच्या मागं, वीस-पंचवीस फुटांवर, सहा बायका डोक्याला टॉवेल गुंडाळून वाकून चालत होत्या. मशीनच्या तोंडातून सुटलेली कांडी गोळा करत.

मी म्हटलं, "काका, ह्या कोण मग?"

काकांनी तिकडं बघितलं. "ह्या व्हय? ह्या येचायला आल्यात."

मी आईला फोन केला आणि म्हटलं, चहा ठेव, सहा कप. मग ऑपरेटरचा धरून सात.